जुलैतले हेलिकॉप्टर की मे महिन्यातला ड्रोन?

सह्याद्रीत कुठे दरड कोसळली, कुठे पुलावरून पाणी गेले, कुठे आजाऱ्याला डोलीत घालून उतरवावे लागले, की पुढचे दोन दिवस एक मागणी हमखास ऐकू येते. डोंगरपट्ट्यासाठी हेलिकॉप्टर ठेवा, जागोजागी हेलिपॅड बांधा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यासाठी तर ही मागणी कुणालाही पटावी अशी वाटते. गावे कड्याकपारीत, रस्ते अरुंद, पाऊस धो धो आणि मोठे रुग्णालय थेट पुण्यात. मागणीमागची कळकळ खरी आहे. पण हेलिकॉप्टर कशासाठी घडवलेले यंत्र आहे आणि आपल्या घाटात जुलै महिना म्हणजे काय, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की उत्तर वेगळे येते. या पट्ट्यात हवेतून येणारी मदत जीव वाचवू शकते, यात शंका नाही. मात्र ती दरड कोसळल्यावर जुलैत येणारी नव्हे, तर दरड कोसळण्याच्या दोन महिने आधी, मे महिन्यात उडणारी असायला हवी.

आधी यंत्राविषयी. विमान आणि हेलिकॉप्टर या दोघांना हवेत धरून ठेवणारे तत्त्व एकच आहे. पंखावरून हवा वाहिली पाहिजे, तरच उचल मिळते. विमानाचा पंख अंगाला घट्ट जोडलेला असतो, म्हणून हवा वाहती ठेवायला सगळे विमानच पुढे धावत राहावे लागते. त्यातून धावपट्टी आली, वेग आला आणि जागेवर थांबण्याची सोय गेली. हेलिकॉप्टरमध्ये पंखच डोक्यावर गरगरतो, त्यामुळे यंत्र एका जागी तरंगू शकते, शेताच्या बांधावर उतरू शकते. या सोयीची किंमत मात्र जबर आहे. जागेवर तरंगताना हेलिकॉप्टरला मध्यम वेगाने पुढे जाताना लागते त्याहून अधिक शक्ती लागते. इंधनाच्या, देखभालीच्या आणि सुट्या भागांच्या हिशेबात ते तेवढ्याच माणसांना नेणाऱ्या विमानापेक्षा महाग पडते. आणखी एक फरक आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. चांगल्या घडणीचे प्रवासी विमान स्वभावतः स्थिर असते. वाऱ्याने थोडे कलले, तरी पंखांची आणि शेपटीची रचनाच त्याला पुन्हा सरळ करते. हेलिकॉप्टरला असा स्वभाव नाही. आधुनिक स्वयंचलित यंत्रणा नसेल, तर वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात असतात आणि तो हे सगळे समोरचे क्षितिज पाहून करतो. क्षितिज ढगात गेले, की वर कोणते आणि खाली कोणते हे शरीराला कळेनासे होते. जगभर ढगात शिरून झालेल्या हेलिकॉप्टर अपघातांची मुळे बहुतेक वेळा इथेच सापडतात.

उंचीचा प्रश्न इथे नाहीच. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली चीता हेलिकॉप्टरे सियाचिनच्या चौक्यांना रसद पोचवत आली आहेत. ज्या फ्रेंच लामाच्या घडणीवर चीता बेतले, त्या लामाने 1972 मध्ये 12,442 मीटरची उंची गाठून विक्रम केला होता. त्यापुढे आपला घाटमाथा हजार-बाराशे मीटरचा. खरा प्रश्न ढगाचा आणि वाऱ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये नाणेघाटात पर्यटक उलटा धबधबा पाहायला गर्दी करतात. कड्यावरून खाली पडायला निघालेले पाणी वारा धरतो आणि पुन्हा माथ्यावर फेकतो. मोबाइलवर त्याची चित्रफीत काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की समोर चाललेला तो प्रकार म्हणजे हवाई वाहतुकीच्या दृष्टीने लावलेली धोक्याची पाटी आहे. कोकणातून येणारा वारा सरळसोट कड्यावर आपटून वर उसळतो, माथा ओलांडला की पलीकडे खाली बसतो, भोवरे करतो. कड्यालगत तरंगणाऱ्या यंत्राला एका क्षणी वर ढकलणारी हवा पुढच्या क्षणी खाली ओढते. त्यात ढग माथ्याला टेकलेले, पावसाने समोरची काच आंधळी झालेली. अशा वेळी दरीतून वाट काढत गावापर्यंत जाणे हे धाडस म्हणून कौतुकाचे ठरेल, पण आपत्तीच्या सरकारी आराखड्यात भरवशाचे साधन म्हणून त्याला धरता येत नाही.

या डोंगरांनी एकदा फार मोठे विमानही गिळले आहे. सिडनीहून निघालेले, बँकॉकमार्गे मुंबईला येणारे अलिटालियाचे डीसी-8 जेट 7 जुलै 1962 रोजी मध्यरात्रीच्या सुमारास जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि आतल्या 94 जणांपैकी कुणीही वाचले नाही. तारीख लक्षात घ्यावी, ऐन पावसाळ्याची. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की मार्ग मोजण्यात चूक झाल्याने वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या अधिक जवळ आहोत असे वाटले आणि त्याने खाली उतरायला लवकर सुरुवात केली. उपलब्ध दिशादर्शक यंत्रणेचा पुरेसा वापर झाला नाही, विमान सुरक्षित उंचीच्या मर्यादेखाली आणले गेले आणि या वाटेवरच्या डोंगरांची ओळख नव्हती, हेही त्यात नोंदले गेले. मुंबई तिथून हवाई मार्गाने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, जेटला काही मिनिटांचा पल्ला. विमान उडण्यालायक होते, त्याच्या चार इंजिनांच्या अंगी ताकद होती. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी उपकरणे विमानांत सक्तीची झाली ती पुढे सत्तरच्या दशकात, म्हणजे तो अपघात आज तसाच्या तसा घडेल असे म्हणता येणार नाही. पण रात्र, ढग आणि सह्याद्रीचा माथा एकत्र आले, की चांगल्या यंत्रालाही माणसाच्या छोट्याशा गैरसमजाची केवढी किंमत मोजावी लागते, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. तो विसरून धोरण आखणे शहाणपणाचे नाही.

आता माळीणकडे येऊ. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. बातमी बाहेर कळली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या थांब्याजवळ येऊन पाहिले, तर गाव जागेवर नव्हते. पुढचे कित्येक दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, स्थानिक माणसे आणि माती उपसणारी यंत्रे भर पावसात, चिखलात काम करत राहिली. हे सगळे बळ मंचर-घोडेगाव-डिंभे या रस्त्याने आले. ढिगाऱ्याखालून माणूस काढायला जेसीबी लागतो आणि जेसीबी हेलिकॉप्टरला टांगून येत नाही. नऊ वर्षांनी, 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. तिथे तर रस्ताच नव्हता, पायथ्यापासून तास-दीड तासाची चढण. म्हणजे हेलिकॉप्टर लागावे अशी याहून नेमकी जागा कल्पनेत आणता येणार नाही. हेलिकॉप्टरे सज्ज ठेवलीही होती, पण हवामानामुळे ती पोचू शकली नाहीत. जवान आणि गिर्यारोहक पाठीवर सामान घेऊन चढले, हातांनी माती उकरली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. दरड कोसळते ती सलग मुसळधार पावसाने, आणि तोच पाऊस हेलिकॉप्टरला जमिनीवर बसवून ठेवतो. गरज आणि गैरसोय यांचे कारण एकच असेल, तर त्या साधनावर किती विसंबायचे?

यावर सैन्यदलांचे उदाहरण दिले जाईल. 2018 च्या केरळ पुरात नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी घरांच्या छतांवरून माणसे उचलली, ती दृश्ये सगळ्या देशाने पाहिली. ते खरेच आहे. पण तिथले बरेचसे काम पाण्याने वेढलेल्या सपाट वस्त्यांमध्ये झाले आणि माणसे छतावर जिवंत वाट पाहत होती. पुरात अडकलेल्यांना उचलणे हे हेलिकॉप्टरचे अगदी हक्काचे काम, दरडीखालच्यांना काढणे हे त्याचे काम नाही. डोंगरातले उदाहरण हवे असेल, तर उत्तराखंडचे घ्यावे. तिथे जून 2013 च्या प्रलयात हवाई दलाने हजारोंना बाहेर काढले, आणि त्याच मोहिमेत 25 जूनला गौरीकुंडजवळ एमआय-17 कोसळून वीस जण गेले. पुढे 2025 च्या जूनमध्ये केदारनाथहून परतणारे प्रवासी हेलिकॉप्टर खराब हवेत त्याच परिसरात पडले, सात जण मेले. जिवावर उदार होणाऱ्या वैमानिकांमुळे मोहिमा फत्ते होतात, यात वाद नाही. मात्र त्यांच्या उदारपणावर आपला वार्षिक आराखडा बेतणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजची हेलिकॉप्टरे उपकरणांच्या आधारे ढगातूनही उडतात, मग आपणच मागे का? स्वित्झर्लंडची रेगा ही बचावसंस्था 1952 पासून आल्प्समध्ये काम करते आणि तिने खराब हवेसाठी उपग्रहाधारित कमी उंचीच्या मार्गांचे जाळे उभे केले आहे. पण त्या जाळ्याखाली काय काय आहे ते पाहावे. प्रत्येक मार्ग आधी मोजलेला, अडथळ्यांची नोंद झालेली, दऱ्याखोऱ्यांत हवामान केंद्रे, रुग्णालयांपाशी आखलेले उतरण्याचे मार्ग, सततचा सराव करणारे वैमानिक. आणि एवढे करूनही शेवटचा टप्पा डोळ्यांना जमीन दिसल्याशिवाय पुरा होत नाही. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीत या क्षणी ढग किती उंचीवर आहे, हे पुण्यात बसलेल्या वैमानिकाला सांगणारे कुणी नाही. हेलिपॅड म्हणजे सिमेंटचा गोल आणि त्यात पांढरे इंग्रजी एच अक्षर, एवढ्याने हवाई सेवा उभी राहत नाही. गोल आधी, बाकीचे नंतर, असा आपला क्रम असतो. तो उलटा आहे.

मग हेलिकॉप्टरचे इथे काहीच काम नाही का? आहे, पण ते दुसऱ्या टोकाला आणि दुसऱ्या ऋतूत. याच दोन तालुक्यांच्या पूर्वेला पाऊस बेताचा, जमीन मोकळी आणि आकाश ऑक्टोबर ते मेपर्यंत बहुतेक स्वच्छ. तिथून पुणे-नाशिक महामार्ग जातो, आळेफाट्याला कल्याणहून माळशेजमार्गे येणारा रस्ता त्याला छेदतो. अपघात होतात ते इथे. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, पण चाकणच्या कोंडीत रुग्णवाहिका सापडली, की अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ उरत नाही. हेलिकॉप्टर हे अंतर वीस मिनिटांत कापते. पण हिशेब पुरा मांडायला हवा. ते पुण्याहून निघणार, म्हणजे यायला वीस मिनिटे, जायला वीस, उड्डाणाच्या तयारीला आणि रुग्ण चढवायला आणखी वीस-पंचवीस, शिवाय पुण्यात उतरल्यावर रुग्णालयापर्यंत पुन्हा रुग्णवाहिका. सव्वा-दीड तास झाला. रस्ता मोकळा असेल, तर मंचरहून निघालेली 108 रुग्णवाहिका तेवढ्या वेळात पोचलेली असते. म्हणजे कोंडी असताना, दिवसा, मोजक्या गंभीर रुग्णांसाठीच हेलिकॉप्टर जिंकते. तेवढ्यासाठी महामार्गालगतची तीन-चार मैदाने विजेच्या तारा, झाडे आणि उडणारे पत्रे यांपासून मोकळी ठेवून नकाशावर नोंदवणे पुरेसे आहे. दरवर्षी 19 फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी शिवनेरीच्या पायथ्याशी मान्यवरांची हेलिकॉप्टरे उतरतात, त्या अर्थी मैदाने सापडतात. त्यावरून हेलिकॉप्टर इथे केव्हाही येऊ शकते असा समज मात्र होतो. फेब्रुवारीचे आकाश पाहून जुलैचे अनुमान काढू नये, हे मान्यवरांना कुणीतरी सांगायला हवे.

विमानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. छोट्या धावपट्टीवर उतरणारी ट्विन ऑटरसारखी विमाने आहेत, बारामती-कराडसारख्या धावपट्ट्या राज्यात आहेत. पण पुणे शंभर किलोमीटरच्या आत असताना इथे धावपट्टी मागणे म्हणजे बागायती जमीन घालवून प्रतिष्ठा विकत घेणे. डिंभ्याच्या जलाशयावर सी-प्लेन उतरवण्याची कल्पना कुणाला सुचलीच, तर गुजरातेत सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत 2020 मध्ये वाजतगाजत सुरू झालेली सेवा पुढच्याच वर्षी बंद पडली, हे आठवावे.

खरा उपयोग आहे तो सर्वांत लहान आणि सर्वांत कमी दिमाखाच्या यंत्राचा. गावठाणांच्या ड्रोन-मोजणीचा राज्यातला पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. पुढे स्वामित्व योजनेतून तीच पद्धत देशभर गेली. म्हणजे भूमी अभिलेख खात्याला हे काम नवे नाही. घरांच्या हद्दी मोजणारा ड्रोन डोंगराचा उतारही मोजू शकतो. दरवर्षी मे महिन्यात, आकाश निरभ्र आणि गवत वाळलेले असताना, वस्तीच्या वरच्या उतारांची छायाचित्रे घ्यायची. मागच्या वर्षीच्या नकाशाशी ताडून कुठे भेग रुंदावली, कुठे माती सरकली, कुठे ओढ्याने वाट बदलली, कुठे झाडे कलली ते पाहायचे. माळीणनंतर डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या पडकईच्या, म्हणजे उतार कापून भातखाचरे करण्याच्या, कामांकडे बोट दाखवले गेले, जंगलतोडीकडेही. ती चर्चा आजही बरीचशी अंदाजाने होते, कारण उताराचे आधीचे आणि नंतरचे बारकाईने मोजलेले चित्र हाताशी नव्हते. इर्शाळवाडीचे तर नावच दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे सरकारने स्वतः विधिमंडळात सांगितले. यादी चुकली तिथे हेलिकॉप्टर किती मिनिटांत निघाले, हा प्रश्नच गौण होतो. जोराच्या पावसाआधी दोन दिवस खाली आश्रमशाळेत हलवलेल्या कुटुंबाला कुणी उचलून न्यावे लागत नाही.

ड्रोनच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. नाणेघाटाच्या वाऱ्यात छोटा ड्रोन पाचोळ्यासारखा उडून जाईल. पाऊस, धुके, बॅटरीची तासाभराच्या आतली मुदत, हे सगळे त्याला लागू आहे. फरक एवढाच, की तो पडला तर आत माणूस नसतो, आणि त्याचे मुख्य काम आपण मेमध्ये काढले, तर जुलैच्या वाऱ्याशी त्याचा सामना थोडाच उरतो. औषधे पोचवायला ड्रोन वापरावा, असेही सुचवले जाते. पालघरमध्ये डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लसींचे 300 डोस ड्रोनने काही मिनिटांत पोचवून दाखवले होते. प्रयोग चांगला होता, पण तोही डिसेंबरात. आणि भातखाचरात सर्पदंश झालेल्यासाठी लागणारी प्रतिविषाची भुकटी तर थंड पेटीशिवायही टिकते. ती डोंगरातल्या आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी पुरेशी भरून ठेवावी. ज्या कामाला कपाट पुरते, त्याला ड्रोन कशाला?

आणखी एक अडचण लोकांच्या मनातली. 2024 च्या पावसाळ्याच्या सुमारास रात्री अनोळखी ड्रोन घिरट्या घालतात या चर्चेने जिल्ह्यातल्या अनेक गावांनी रात्री जागून काढल्या. चोर पाहणी करतात अशी भीती होती. बिबट्याचा माग काढायला वनखात्याने उष्णतेवरून प्राणी टिपणारे ड्रोन वापरले, तेव्हा त्याच गावांनी त्यांचे स्वागत केले. ड्रोन कुणाचा, केव्हा आणि कशासाठी, हे आधी दवंडी देऊन सांगितले, तर विरोध राहत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनी बहुतेक ग्रामीण भागात 400 फुटांपर्यंतचे उड्डाण सोपे केले आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात मात्र ती चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेशी बोलूनच काम व्हावे. तीस अँटेना लावून विश्वातले क्षीण संदेश टिपणाऱ्यांच्या कानाशी आपण उगाच गोंगाट करू नये.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत टोचणारा. मंत्र्याला हेलिकॉप्टर आणि आदिवासीला ड्रोनने काढलेला फोटो, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर स्वस्तात सुटका करून घेणे हे असता कामा नये. ड्रोन-पाहणीचा अहवाल कपाटात पडणार असेल, तर ती थट्टाच ठरेल. माळीणच्या वाचलेल्यांना आमडे येथे नवी घरे मिळाली ती 2017 मध्ये, गाव गेल्यानंतर. धोकादायक उताराखालच्या वाड्यांना जमीन, घर आणि शेतीपर्यंतची वाट हे सगळे गाव जाण्याआधी मिळावे, ही मागणी हेलिपॅडपेक्षा कितीतरी महाग आणि कितीतरी न्याय्य आहे. सरकारला हेलिपॅड देणे सोपे जाते, कारण त्याचे उद्घाटन करता येते.

या दोन तालुक्यांतल्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावे पेसा कायद्याखाली येतात, तिथे ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हेलिपॅडच्या ठरावाआधी तीन ठराव करावेत. वस्तीवरच्या उतारांची दरवर्षी मे महिन्यात ड्रोनने पाहणी व्हावी आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. घाटमाथ्यावर पाऊस, वारा आणि ढगाची उंची मोजणारी स्वयंचलित केंद्रे बसावीत. आणि पाहणीत धोका दिसला, तर 15 जूनच्या आत त्या कुटुंबांची खाली राहण्याची सोय करणे तहसीलदारांवर बंधनकारक असावे. हे तीन झाले, की चौथा ठराव खुशाल हेलिकॉप्टरचा करावा.